चाक जाम न होऊ देणारे ब्रेक : त्यांचे कार्य व बिघाड

भाजीपाला बाजारात नेणाऱ्या पिकअप गाड्या व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांच्या मोटारसायकली यांपैकी पुष्कळांत आता ए. बी. एस. नावाची ब्रेकव्यवस्था असते. दि. १ एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटीमीटरहून मोठ्या इंजिनाच्या नव्या मोटारसायकलींना ती सक्तीची झाली. या व्यवस्थेचा पिवळा दिवा पेटून राहिला असता "ब्रेक तर लागतो आहे" असे म्हणून महिनोन् महिने गाडी तशीच वापरली जाते, असे आढळून येते. हा ब्रेक नेमके काय करतो हे ध्यानी घेतल्यास त्यातील धोका लक्षात येईल.

चाक फिरत असताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणापुरता जमिनीवर स्थिर असतो व त्याची पकड चांगली असते. ब्रेक जोरात दाबल्याने चाक जाम झाले की टायर घसरू लागतो. घसरत्या टायरची पकड कमी होते, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला दिशा राहत नाही. स्टिअरिंग कितीही वळविले तरी गाडी पूर्वीच्याच रोखाने सरकत जाते. मोटारसायकलीचे पुढचे चाक असे जाम झाल्यास तोल सावरण्यास अवधीच मिळत नाही. मृगाच्या पहिल्या सरीने निसरडा झालेला डांबरी रस्ता किंवा ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेला काळ्या रानाचा चिखल, ही अशा अपघातांची नेहमीची ठिकाणे होत.

चाक जाम होऊ न देण्याची कल्पना आधी विमानांत रुजली. मोटारीत विजेच्या नियंत्रकासह ती १९७८ साली बॉश व मर्सिडीझ-बेंझ या कंपन्यांनी आणली. तिचे मर्म चाकाजवळच्या गतिसंवेदकात, म्हणजे कारागीर ज्याला सेन्सर म्हणतात त्यात आहे. चाकाबरोबर एक दातेरी कडे फिरते. त्याच्या अगदी जवळ, साधारण एक मिलिमीटर अंतरावर, लोहचुंबक व तारेचे वेटोळे असलेला सेन्सर बसविलेला असतो. प्रत्येक दाता समोरून जाताना वेटोळ्यात विजेचा एक लहानसा ठोका उमटतो. समजा, कड्याला ४८ दाते आहेत व चाकाचा घेर २ मीटर आहे. गाडी ताशी ३६ किलोमीटर वेगाने चालली असता चाक सेकंदाला ५ फेरे घेईल व २४० ठोके उमटतील. एका चाकाचे ठोके एकाएकी निम्म्यावर आले आणि इतर चाकांचे जवळजवळ तेवढेच राहिले, तर ते चाक जाम होऊ पाहते आहे असे नियंत्रक समजतो. मग तो त्या चाकाच्या ब्रेकचा दाब रोखतो, जरूर तर थोडा सोडतो, व चाकाने वेग घेताच पुन्हा वाढवितो. हे चक्र सेकंदात अनेक वेळा घडते. त्या वेळी पायाखाली पेडल थरथरते. हा बिघाड नव्हे. थरथर जाणवताच घाबरून पाय उचलणे ही मात्र मोठी चूक होय. पेडल दाबून धरावे.

सैल मुरूम वा खडी यांवर या ब्रेकने गाडी थांबण्यास उलट जास्त अंतर लागू शकते, कारण जाम चाकापुढे साचून अडसर होणारा ढीग येथे साचत नाही. पुष्कळ मोटारसायकलींत ही सोय केवळ पुढच्या चाकास असते, हेही विसरू नये.

बिघाड बहुधा सेन्सरच्या आसपासच होतो. लोहचुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो, दात्यांच्या फटीत चिखल सुकतो, कड्याखाली गंज फुगून कडे तडकते, वायर घासून तुटते, किंवा जोडणीत पाणी शिरते. बेअरिंग ढिले झाल्यास फट वाढते व मंद वेगात ठोके क्षीण होतात. नियंत्रकाला चाक थांबल्याचा भास होऊन तो ब्रेक सोडू लागतो, आणि गाडी थांबता थांबता पुढे सरकते. बाजाराच्या गर्दीत हे घातक ठरते.

नव्या अनेक गाड्यांत दातेरी कड्याऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय कडे असते. ते साध्या रबरासारखे दिसते, त्यामुळे बेअरिंग बदलताना ते उलटे बसविले जाते. चुंबकीय बाजू सेन्सरकडे न राहिल्यामुळे ठोकेच उमटत नाहीत. मग सेन्सर खराब ठरवून नवा विकत घेतला जातो, तरी दिवा विझत नाही. बेअरिंगच्या कामानंतर लगेच दिवा लागला असल्यास प्रथम हीच शंका घ्यावी. अशा गाड्यांचा सेन्सर ओहममापकाने तपासणेही योग्य नव्हे. त्याने तो निकामी होऊ शकतो. एका चाकास निराळ्या मापाचा टायर घातल्यानेही ठोक्यांचा मेळ बिघडतो.

दोष सापडताच नियंत्रक ही व्यवस्था बंद करतो व पिवळा दिवा लावतो. साधा ब्रेक चालू राहतो, परंतु चाक पुन्हा जाम होऊ शकते. तोवर वेग कमी व पुढील वाहनापासून अंतर जास्त ठेवावे. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवावी व तपासणीवाचून पुढे नेऊ नये.

जुनी गाडी खरेदी करताना किल्ली फिरवून पाहावे. पिवळा दिवा प्रथम लागला पाहिजे. मोटारीत तो काही सेकंदांत विझतो, तर मोटारसायकलीत बहुधा गाडी थोडी पुढे गेल्यावर विझतो. दिवा मुळीच लागत नसल्यास त्याची तार काढलेली असण्याचा संभव आहे. ती जोडून घेतल्याखेरीज किंमत ठरवू नये.