सीमाशुल्क आकारणी संगणकावर, जबाबदारी आयातदारावर
मुंबईलगतच्या न्हावा शेवा बंदरात उतरलेल्या मालावरील शुल्काची आकारणी आता दुसऱ्या शहरातील सीमाशुल्क अधिकारीही करू शकतो. आयातदार आणि अधिकारी यांची प्रत्यक्ष गाठ पडत नाही. ‘चेहराविरहित आकारणी’ म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत ८ जून २०२० रोजी बेंगळुरू आणि चेन्नई येथे सुरू झाली. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरपर्यंत ती देशभर लागू करण्यात आली.

आयातदार किंवा त्याचा सीमाशुल्क दलाल ‘आइसगेट’ या संकेतस्थळावर बिल ऑफ एंट्री दाखल करतो. त्यानंतर जोखीम व्यवस्थापन प्रणाली त्याची छाननी करते. काही माल अधिकाऱ्याच्या तपासणीविना पुढे जातो. काही प्रकरणांची कागदपत्रे आकारणीसाठी अधिकाऱ्याकडे पाठवली जातात, तर काही माल बंदरातच प्रत्यक्ष उघडून पाहिला जातो.

तथापि, प्रणालीने माल सोडला म्हणजे विभागाने आकारणी कायमची मान्य केली, असे होत नाही. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ मध्ये २०११ साली स्वयंआकारणीची तरतूद झाली. त्यामुळे मालाचे वर्गीकरण, मूल्य आणि शुल्कसवलत अचूक नमूद करण्याचे दायित्व आयातदारावरच आहे. माल सुटल्यानंतरही लेखापरीक्षण होऊ शकते. कमी भरलेल्या शुल्कासाठी सर्वसाधारणपणे दोन वर्षांपर्यंत, तर संगनमत, हेतुपुरस्सर चुकीचे निवेदन किंवा माहिती दडवल्याच्या प्रकरणांत पाच वर्षांपर्यंत नोटीस बजावता येते. तोवर माल विकला गेलेला असतो आणि शुल्कातील फरक ग्राहकाकडून वसूल करणे बहुधा शक्य नसते. लहान व्यापाऱ्याच्या दृष्टीने खरा धोका येथेच आहे.

एकाच प्रकारच्या मालाचे निरनिराळ्या बंदरांत निरनिराळे वर्गीकरण होऊ नये आणि वैयक्तिक संपर्कातून उद्भवणारे गैरप्रकार टळावेत, हा या बदलामागील हेतू आहे. मात्र गुंतागुंतीच्या यंत्राचे स्वरूप दूरच्या अधिकाऱ्याला केवळ लेखी उत्तरांतून पटवून द्यावे लागते. या प्रश्नोत्तरांत वेळ गेल्यास बंदरातील साठवणुकीचा खर्च वाढतो. फेरआकारणी मान्य नसल्यास आयातदाराला १५ दिवसांत कारणांसह लेखी आदेश मिळण्याची तरतूद आहे, आणि त्याविरुद्ध अपीलही करता येते.

वर्गीकरणाबाबत शंका असल्यास माल मागवण्यापूर्वीच दिल्ली किंवा मुंबई येथील सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करणे, हा अधिक सुरक्षित मार्ग ठरतो.