श्रेयांक, श्रेणी आणि केटी : पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी थोडी माहिती

महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींचा निकाल लागला की घरातून पहिला प्रश्न येतो, "किती टक्के पडले?" पूर्वी या प्रश्नाला सरळ उत्तर होते. 35 टक्क्यांना उत्तीर्ण आणि 60 टक्क्यांना प्रथम वर्ग, एवढे ठाऊक असले की काम भागत असे. आजच्या गुणपत्रिकेवर मात्र श्रेयांक, श्रेणी, एसजीपीए, सीजीपीए असे रकाने असतात. ज्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी आहे, तेथे हे रकाने समजावून सांगणारे कोणी नसते. त्यामुळे चांगली अभ्यासू मुलेही केवळ नियम माहीत नाहीत म्हणून वर्ष गमावतात. काही जण तर एक-दोन विषय राहिले म्हणून शिक्षणालाच रामराम ठोकतात. मी बँकेत कारकून आहे. आपल्या पासबुकातील नोंदी खातेदाराला स्वतःला वाचता आल्या पाहिजेत, असे आम्ही नेहमी सांगतो. गुणपत्रिकेचेही तसेच आहे.

श्रेयांक म्हणजे काय?

श्रेयांक हे विषयाचे वजन आहे. आठवड्याला एक तास व्याख्यान, असे साधारण 15 आठवड्यांचे सत्र पूर्ण झाले की 1 श्रेयांक होतो. प्रात्यक्षिकासाठी एका श्रेयांकाला आठवड्याचे दोन तास धरतात. म्हणजे 4 श्रेयांकांचा विषय हा सुमारे 60 तासांच्या शिकवणीचा विषय झाला. विषयात उत्तीर्ण झाल्यावरच त्याचे श्रेयांक आपल्या नावावर जमा होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान 120 आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी किमान 160 श्रेयांक लागतात. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत नव्या धोरणाची ही रचना 2024-25 या शैक्षणिक वर्षापासून सुरू झाली.

श्रेणी आणि सरासरी

आयोगाने 2015 च्या सुमारास दहा गुणांची श्रेणीपद्धत सुचवली. तीत 'ओ' श्रेणीला 10 गुण, 'ए प्लस'ला 9, 'ए'ला 8, 'बी प्लस'ला 7, 'बी'ला 6, 'सी'ला 5 आणि केवळ उत्तीर्ण दर्शवणाऱ्या 'पी'ला 4 गुण आहेत. नापासाची श्रेणी 'एफ', तिला शून्य. किती टक्क्यांना कोणती श्रेणी, हे मात्र आपापल्या विद्यापीठाच्या तक्त्यात पाहावे.

एसजीपीए म्हणजे एका सत्राची सरासरी. ती काढताना प्रत्येक विषयाच्या श्रेणीगुणांना त्या विषयाच्या श्रेयांकांनी गुणायचे, सर्वांची बेरीज करायची आणि तिला एकूण श्रेयांकांनी भागायचे. समजा, एका विद्यार्थिनीचे 4 श्रेयांकांचे तीन विषय आहेत आणि त्यांत तिला 6, 6 व 7 श्रेणीगुण मिळाले. त्यांची बेरीज 24 अधिक 24 अधिक 28, म्हणजे 76 झाली. 2 श्रेयांकांचे चार विषय आहेत, त्यांत तिला 10, 9, 8 व 9 मिळाले. त्यांचे 72 झाले. एकूण 148, भागिले 20 श्रेयांक, म्हणजे एसजीपीए 7.40.

या हिशेबात एक गोष्ट दडलेली आहे. छोट्या विषयांत 9-10 मिळवूनही तिची सरासरी साडेसातच्या आत राहिली, कारण वजनदार विषयांत ती मागे पडली. 4 श्रेयांकांच्या एका विषयात तिने एक श्रेणी वर चढवली असती तर सरासरी 0.20 ने वाढली असती. 2 श्रेयांकांच्या विषयात तेवढीच प्रगती केली तर वाढ फक्त 0.10. अभ्यासाचे वेळापत्रक आखताना प्रथम श्रेयांकांचा रकाना पाहावा, तो यासाठी.

सर्व सत्रांची मिळून अशीच वजनी सरासरी म्हणजे सीजीपीए. तिला दहाने गुणले की टक्के झाले, असे सरसकट समजू नये. काही विद्यापीठे तसे मानतात, काहींचे सूत्र वेगळे असते आणि ते बहुधा गुणपत्रिकेच्या मागे छापलेले असते. पुढील शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या अर्जात टक्के भरताना तेच सूत्र वापरावे. चार वर्षांच्या पदवीत संशोधनासह ऑनर्स करायचे असेल, तर 2022 च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण हवेत. म्हणजे पहिल्या वर्षाचे दुर्लक्ष चौथ्या वर्षी आडवे येऊ शकते.

केटी म्हणजे शेवट नव्हे

एटीकेटी या अक्षरांचा मूळ अर्थच 'पुढील सत्र चालू ठेवण्याची मुभा' असा आहे. विषय राहिला तरी ठरावीक मर्यादेत वरच्या वर्गात बसता येते आणि तो विषय नंतर सोडवता येतो. तेव्हा केटी लागली म्हणून मुलाला कामाला लावणे किंवा मुलीचे लग्न उरकून टाकणे हा मोठाच अन्याय आहे.

पण ही मुभा अमर्याद नाही. अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे सर्व विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही. 'पुढच्या वेळी बघू' म्हणत पहिल्या सत्राचा पेपर लांबवणारा विद्यार्थी दुसऱ्या वर्षी पास होऊनही पाचव्या सत्राच्या दारात अडतो. शिवाय केटीचा परीक्षा अर्ज वेगळा भरावा लागतो, त्याची मुदत वेगळी असते. ती चुकली की अभ्यास तयार असूनही परीक्षा हुकते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे नूतनीकरणही वरच्या वर्गात जाण्यावर अवलंबून असते, म्हणून अडकलेल्या वर्षाचा फटका दुहेरी बसतो. काही ठिकाणी अंतर्गत आणि लेखी परीक्षेत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते, तेव्हा प्रकल्प आणि चाचण्या हलक्यात घेऊ नयेत. 75 टक्के हजेरीचा नियमही विसरू नये.

अपेक्षेपेक्षा फारच कमी गुण आले तर गप्प बसू नये. 9 ऑगस्ट 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क माहिती अधिकार कायद्याखाली मान्य केला आहे. मुदतीत अर्ज करून छायांकित प्रत घ्यावी, शिक्षकांना दाखवावी आणि मगच पुनर्मूल्यांकनाचा निर्णय करावा.

मध्येच थांबावे लागले तर

घरच्या अडचणीमुळे शिक्षण थांबले तरी आता आधीचे वर्ष वाया जात नाही. 2021 मध्ये आयोगाने श्रेयांकांची बँक स्थापन करण्याचे नियम केले. तिच्यात विद्यार्थ्याच्या नावाचे खाते असते आणि मिळवलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत वापरता येतात. 2022 च्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र व दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. त्यासाठी 4 श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम करावा लागतो. तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेऊन एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते.

ही सोय चांगली आहे, पण तिच्याकडे सावधपणे पाहावे. बाहेर पडण्याचे दार उघडे असले की आर्थिक ओढाताण असलेल्या घरातील मूलच आधी त्यातून बाहेर पडते. एका वर्षाचे प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे, आणि स्पर्धा परीक्षांच्या जाहिरातीत बहुतेक वेळा पदवीच मागितलेली असते. नाइलाजाने थांबावे लागलेच, तर परतण्याची तारीख त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावी.

विद्यार्थी मित्रांनो, प्रवेश घेतल्याबरोबर विद्यापीठाच्या परीक्षा नियमांची प्रत मिळवा. त्यात केटीची मर्यादा, हजेरी आणि टक्केवारीचे सूत्र या तीन गोष्टी अधोरेखित करा. प्रत्येक सत्राची गुणपत्रिका जपून ठेवा आणि आपल्या खात्यात श्रेयांक जमा झाले की नाही, ते ताडून पाहा. नोंद चुकली असेल तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

आणि सभासद बंधू-भगिनींनो, आपल्यात पदवीधर आता कमी नाहीत. निकालाच्या दिवसांत दोन-चार संध्याकाळी संस्थेच्या सभागृहात बसून मुलांच्या गुणपत्रिका त्यांच्यासोबत वाचल्या, तरी नियम न कळल्यामुळे होणारी गळती बरीच थांबेल. त्याला पैसा लागत नाही, फक्त वेळ लागतो.