ओट्याच्या कोपऱ्यातली भूमिती

एल आकाराचा ओटा घालायचा ठरला की कोपऱ्यात ग्रॅनाइटच्या दोन फरश्या जोडाव्या लागतात. फोटोच्या चौकटीसारखा 45 अंशांचा तिरका सांधा देखणा दिसतो, म्हणून घरमालक तोच मागतो. मुरलेला मिस्त्री मात्र सरळ सांधा सुचवतो. एक फरशी भिंतीपर्यंत न्यायची, दुसरी तिच्या कडेला आणून भिडवायची. मी मिस्त्रीच्या बाजूचा.

आपल्या भिंती क्वचितच काटकोनात असतात. खात्री करायला टेप पुरते. कोपऱ्यापासून एका भिंतीवर 3 फुटांवर, दुसरीवर 4 फुटांवर खूण करा. खुणांमधलं तिरपं अंतर 5 फूट भरलं तर काटकोन. अर्धा इंच जास्त भरलं, तर कोन 91 अंशांचा. एका अंशाने काय होतंय? तर 2 फूट रुंद ओट्याच्या सरळ सांध्यात एका टोकाला साधारण साडेदहा मिलिमीटरची फट! तिरका सांधा म्हणजे चौरसाचा कर्ण, जवळपास 34 इंच लांब. तिथे तीच चूक 15 मिलिमीटरपर्यंत जाते. सरळ सांध्यात एक कड भिंतीप्रमाणे कापली की भागतं, तिरक्यात दोन्ही कडा जुळवाव्या लागतात. वर त्या तुकड्याचं भिंतीकडचं टोक इतकं निमुळतं, की जिन्यातच त्याचा टवका उडायचा.

मग अखंड फरशीतूनच एल कापला तर? दगड भरपूर वाया जातो, पण खरी भीती वेगळी आहे. ग्रॅनाइट दाब सोसतो, ताण नाही. त्याची ताण सोसायची ताकद दाबाच्या जेमतेम दहावा हिस्सा, बहुधा त्याहूनही कमी. त्यात आतला कोपरा जितका टोकदार, तितका ताण तिथे एकवटतो. चार्ल्स इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने 1913 मध्ये याचं गणित मांडलं. ताणलेल्या पत्र्यातल्या गोल भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. ताणाच्या आडव्या दिशेने भोक लांबट, टोकदार होत गेलं की आणखी वाढतो. सिंकसाठी कापलेल्या चौकोनाचे कोपरे गोलसर ठेवतात ते यासाठीच.

सरळ सांध्याची एक अडचण आहे. ओट्याची समोरची कड गोल केलेली असेल, तर दुसरी फरशी त्या गोलाईला नीट भिडत नाही. म्हणून भिडण्याच्या जागी गोलाई छाटून कड सपाट करतात आणि आतल्या कोपऱ्यापाशी, गोलाईच्या रुंदीपुरताच, 45 अंशांचा छोटा काप देतात. हौस तेवढीच पुरे.

फट कितीही बारीक असली तरी भरावीच लागते. उलट बारीक फटच केशाकर्षणाने पाणी आत ओढून घेते. पांढरं सिमेंट भरलं तर त्याच्या सूक्ष्म छिद्रांत हळद मुरते. एपॉक्सीचं तसं नाही. राळ आणि हार्डनर मिसळले की त्यांचे रेणू एकमेकांत गुंफून घट्ट जाळं होतं, आणि ते पाणी फारसं शिरू देत नाही. त्यात काळा रंग कालवून भरायचं, वाळलं की घासून सपाट करायचं. मग डोळे मिटून सांध्यावरून आडवं नख फिरवा. ते अडलं, तर मिस्त्रीचे शेवटचे पैसे अजून देऊ नका.