मोटारीचा भेगाळलेला डॅशबोर्ड : दुरुस्ती व दक्षता

वैशाखात यवतमाळ जिल्ह्यातील काळ्या रानांना भेगा पडतात, याचे शेतकऱ्यास नवल वाटत नाही. मातीतील ओल उडाली की ती आकसते आणि फाटते. बांधावर किंवा बाजार समितीच्या आवारात दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या जुन्या मोटारीचा डॅशबोर्ड तडकतो, तेव्हा तेथेही बव्हंशी हेच घडलेले असते.

चालकासमोरील या फळीचे वरचे आवरण पुष्कळ गाड्यांत मऊ प्लास्टिकचे असते. ते मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखा एक पदार्थ मिसळतात. उन्हाच्या तापाने तो हळूहळू उडून जातो. जुन्या गाडीच्या पुढील काचेवर आतून जो चिकट धुरकटपणा दिसतो, त्यात या पदार्थाचाही भाग असतो. तो उडाला की आवरण ताठर होते, दिवसा फुगते, रात्री आकसते आणि अखेर उकलते. अमेरिकेतील अॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, उन्हाळ्यात एक तास उन्हात उभ्या केलेल्या मोटारींच्या डॅशबोर्डाचे तापमान सरासरी सुमारे ६९ अंश सेल्सिअस आढळले. आपल्याकडील मे महिन्याचे ऊन त्याहून सौम्य आहे, असे कोणी म्हणणार नाही.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, त्यानंतर खेडोपाडी फिरलेल्या जीपगाड्यांचा डॅशबोर्ड पत्र्याचा असे. त्याला पोचे येत, गंज चढे. पण भेग पडत नसे. पुढे प्लास्टिक आले. १९८३ ते २०१४ या काळात तयार झालेल्या मारुती ८०० सारख्या गाड्या अजूनही शेतकरी कुटुंबांत सांभाळून वापरल्या जातात, आणि भेगेचा प्रश्न मुख्यतः अशाच वयाच्या वाहनांचा आहे.

केवळ शोभेची बाब असती, तर या पत्रिकेत त्यासाठी जागा खर्चण्याचे कारण नव्हते. परंतु शेतकऱ्याच्या गाडीत डॅशबोर्ड ही वस्तू ठेवण्याची जागा असते. तंबाखूची पुडी, बियाण्याची पावती, लेकरांसाठी घेतलेला खाऊ आणि हंगामात कृषी केंद्रातून आणलेली औषधाची बाटलीही तेथेच विसावते. २०१७ च्या खरीप हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, हे कोणीही विसरलेले नाही. गाडीत सांडलेले औषध हे त्या आपत्तीचे कारण नव्हते. पण विष कातडीवाटे व श्वासावाटे शरीरात शिरते, हा धडा येथेही लागू पडतो. अखंड डॅशबोर्डावर सांडलेले औषध दिसते व पुसता येते. भेगाळलेल्या डॅशबोर्डावर ते आत झिरपून खालच्या स्पंजात मुरते. तेथून ते धुऊन निघत नाही, आणि बंद गाडी तापली की त्याची वाफ आत कोंडते. पाण्यात कालवून वापरावयाच्या अनेक तेलकट औषधांतील द्रावके प्लास्टिकही खातात, हे निराळेच.

म्हणून दुरुस्तीपूर्वी पहिला प्रश्न हा विचारावा : या भेगेत काय सांडले आहे? औषध सांडल्याचे ठाऊक असेल किंवा तसा वास येत असेल, तर भेग बुजवू नये. गाडी सावलीत दारे उघडी ठेवून उभी करावी, रसायनांना टिकणारे हातमोजे घालावेत आणि मुरलेला स्पंज व आवरण कापून काढावे. ते जाळू नये, नाल्यात टाकू नये; पिशवीत बंद करून ठेवावे व विल्हेवाटीबद्दल तालुक्याच्या कृषी कार्यालयास विचारावे. उरलेला कठीण भाग साबणाच्या पाण्याने धुवावा. हे काम करताना भोवळ, मळमळ किंवा तोंडाला अतोनात लाळ सुटणे असे काही झाले, तर औषधाचे वेष्टन बरोबर घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा.

भेग कोरडी व निर्दोष असेल, तर काम सोपे आहे. सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या कापडाने ती पुसून पूर्ण वाळू द्यावी. पेट्रोल, रॉकेल वा थिनर वापरू नये. त्याने आवरण अधिक कोरडे पडते व आगीचेही भय असते. कठीण प्लास्टिकच्या भेगेच्या टोकाशी बारीक छिद्र पाडल्यास ती पुढे सरकण्याचे थांबते. मात्र छिद्रापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि मागे वायरी नाहीत याची खात्री करून घ्यावी. नंतर मागील बाजूने काचतंतूचे कापड एपॉक्सीने चिकटवावे. मऊ आवरणात मात्र कडक लुकण भरण्याची चूक पुष्कळजण करतात. आवरण हलते, लुकण हलत नाही. परिणामी पुढच्या उन्हाळ्यात शेजारीच नवी भेग उमटते. तेथे उंचावलेल्या कडा कापून लवचीक भरण वापरावे. भेगा अनेक असतील, तर गाड्यांची आसने शिवणाऱ्या कारागिराकडून मंद रंगाचे रेक्झिन चढवून घेणेच किफायतीचे. डिंकाचा उग्र वास जाईपर्यंत त्या गाडीत मुलांना बसवू नये.

ज्या गाडीत डाव्या आसनासमोर हवापिशवी असल्याची खूण आहे, तेथे त्या झाकणावर लुकण, रेक्झिन वा गालिचा काहीही लावू नये. अपघातसमयी ते झाकण उघडावयाचे असते. तेथील भेग अधिकृत कार्यशाळेतच दाखवावी.

चकाकी आणणारे तेल चोपडण्याची हौसही आवरावी. त्यावर काळ्या मातीची धूळ बसते आणि त्याची झळाळी काचेत उमटून समोरचा रस्ता अंधुक होतो. त्यापेक्षा गाडी निंबाखाली, निदान काच उन्हाकडे न करता लावावी, आणि जुन्या धोतराची पांढरी दुहेरी घडी डॅशबोर्डावर अंथरावी. गाडी सुरू करण्यापूर्वी ती काढून ठेवावी, कारण पांढऱ्या कापडाचे प्रतिबिंबही काचेत पडते. औषधाची बाटली मात्र प्रवाशांच्या कक्षात ठेवूच नये. झाकणाच्या बादलीत उभी करून ती मागे, माणसांपासून व खाण्याच्या जिन्नसांपासून दूर न्यावी.