सामाईक भिंत : शेजारचा पायवा खोदण्याआधी

आंधळगाव हे भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं कोष्टी विणकरांचं जुनं गाव. अशा जुन्या वस्तीत दोन घरांच्या मध्ये पुष्कळदा एकच मातीची भिंत असते आणि दोन्हीकडच्या कवेलूच्या छपरांचा भार ती वाहते. एका बाजूला घरकुल मंजूर होतं, जुनं घर पाडलं जातं, कॉलमचे गड्डे खोदायला सुरुवात होते आणि दुसऱ्या बाजूच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. ही भीती अनाठायी नाही. भिंतीला नेमकं काय होतं हे कळलं, तर शेजाऱ्याकडे काय मागायचं आणि केव्हा मागायचं, हेही कळतं.

मातीच्या भिंतीचा पायवा उथळ असतो. भिंतीचा भार त्या पायव्याच्या तळापासून सरळ खाली जात नाही, तो दोन्ही बाजूंना तिरपा पसरतो. ढोबळमानाने हा उतार ४५ अंशांचा धरतात. शेजारचा गड्डा या तिरप्या रेषेच्या आत शिरला, की भार पेलणारी मातीच निघून जाते. म्हणून हिशेब सोपा आहे : नवा गड्डा जुन्या पायव्याच्या तळापेक्षा तीन फूट खोल जाणार असेल, तर तो पायव्यापासून निदान तीन फूट दूर हवा. तुमच्या घरात भिंतीलगत खड्डामाग असेल तर जास्तच जपायला हवं, कारण मग भिंतीच्या दोन्ही बाजूंची माती पोखरलेली असते. ही गोष्ट शेजारच्या मिस्त्रीला घरात बोलावून दाखवा. बाहेरून ती दिसत नाही.

गावठाणात तीन फूट सोडायला जागा कुठे असते? अशा वेळी दोन उपाय आहेत. एक म्हणजे सगळी चर एकदम न उघडता तीन-चार फुटांचा तुकडा खोदायचा, काँक्रीट भरायचं, ते पक्कं झाल्यावर थोडं अंतर सोडून पुढचा तुकडा घ्यायचा. दुसरा उपाय म्हणजे कॉलम आत सरकवून भिंतीकडचा भाग बीमवर तोलायचा. त्याला मात्र इंजिनिअरचा नकाशा हवाच. प्रधानमंत्री आवास योजनेत साध्या प्रदेशातल्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात. एवढ्या पैशात घर उभं करणाऱ्याला महागडे उपाय सुचवून भागत नाही. तुकड्या-तुकड्याने खोदायला मजुरी थोडी वाढते, वेळ जास्त जातो, पण ते परवडतं.

गड्ड्यांइतकाच धोका पाडकामाचा असतो, आणि त्याकडे लक्ष जात नाही. शेजारचं घर पाडलं की सामाईक भिंतीला आडवा आधार देणाऱ्या भिंती जातात, लाकडं काढलेल्या जागी भोकं राहतात आणि आजवर घराच्या आत असलेली बाजू उघडी पडते. भंडारा जिल्ह्यात वर्षाला सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. उघडी मातीची भिंत तो सोसू शकत नाही. तेव्हा पाडकामाच्या दिवशीच लाकडी टेके, भोकं बुजवणं आणि वरून ताडपत्री, एवढं ठरवून घ्यावं. नव्या घराचा जोता उंच असेल तर त्याचं पाणी तुमच्या भिंतीच्या पायाशी येणार नाही, हेही पाहावं.

काम सुरू होण्याआधी भिंतीचे दोन्ही बाजूंनी तारखेसह फोटो काढा. जुन्या भेगेच्या टोकाला पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. भेगेवर काचेची बारीक पट्टी प्लॅस्टरने चिकटवून ठेवली, तर भेग सरकताच काच तडकते. रोज ओळंबा लावून भिंत झुकली का ते पाहा. दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, वर रुंद होत गेलेली नवी भेग दिसली, तर पायवा खचत असण्याची शक्यता मोठी. तेव्हा खोदकाम थांबवून टेके लावायचे आणि माणसं भिंतीपासून दूर न्यायची.

कायदा काय म्हणतो? भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ सालचा. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता, म्हणून इथे तो १ जुलै १८८२ पासूनच लागू आहे. जमिनीला शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क निसर्गतः असतो. पण वर बांधलेल्या घराला तो हक्क मिळायला २० वर्षं शांतपणे, अखंड आधार मिळालेला असावा लागतो. जुन्या घरांना ही अट सहसा अडचणीची नाही. अडचण कलम ३४ मध्ये आहे : आधार काढून घेतला तरी प्रत्यक्ष मोठं नुकसान होईपर्यंत भरपाई मागता येत नाही. कलम ३५ नुसार आधीच मनाई हुकूम मागता येतो, पण त्या कामाने हक्काला बाधा येणारच, हे कोर्टाला पटवावं लागतं. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याने सामाईक भिंतीचं काम काढण्याआधी शेजाऱ्याला दोन महिन्यांची लेखी नोटीस देणं बंधनकारक आहे. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही, आणि ही उणीव मला फार मोठी वाटते.

ती उणीव आपणच कागदाने भरून काढायची. नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेची मिळकत पत्रिका असेल तर ती पाहा. पण ती ड्रोनच्या मोजणीवरून बनते, आणि ड्रोनला वरून छप्पर दिसतं, छपराखालची भिंत नाही. म्हणून भिंत सामाईक आहे, खोदकाम कसं होईल, नुकसान झालं तर दुरुस्ती कोण करेल, हे दोघांच्या सह्यांनिशी लिहून घ्या. शेजारी तयार नसेल तर ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ नुसार बांधकामाला तिची पूर्वपरवानगी लागते. तंटामुक्त गाव समितीपुढेही हा वाद नेता येतो. कोर्टात जावंच लागलं, तर महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो.

आणि ज्याचं घरकुल मंजूर झालं आहे, त्याला एक विनंती : पाडकामाच्या आधी मिस्त्रीला घेऊन शेजाऱ्याच्या घरात जा आणि गड्डे किती खोल, किती दूर, हे दोघांसमोर टेपने मोजून घ्या.