परत बेंचमार्कला

माझ्याकडे एकतीस डायऱ्या आहेत. खिशात मावणाऱ्या, घामानं फुगलेल्या, दोन-तीन वाळवीनं कुरतडलेल्या. लेव्हल बुकं आणि मोजमाप पुस्तकं सरकारची. ती निवृत्तीच्या दिवशी पोच घेऊन जमा केली. डायऱ्या मात्र माझ्या. त्यातल्या एकीत मी लेव्हल बुकाच्या एका पानाची नक्कल करून ठेवली आहे. त्या पानावर १.४८५ असा आकडा आहे. खरा आकडा १.५८५ होता.

नोकरीचं तिसरं वर्ष. सिंदेवाही तालुक्यातल्या एका मामा तलावाच्या नहरीची दुरुस्ती माझ्याकडे आली. मामा म्हणजे माजी मालगुजारी, हे बाहेरच्या वाचकांसाठी. इकडे ते सांगावं लागत नाही. जेमतेम किलोमीटरभराची नहर, तळाचा उतार दोन हजारात एक. बेंचमार्क, म्हणजे उंचीची पक्की खूण, तुडुमाच्या (पाणी सोडायच्या दाराच्या) चिऱ्यावर कोरलेला. तिथून निघायचं, लेव्हल घेत शेपटापर्यंत जायचं आणि तशाच लेव्हल घेत चिऱ्यापाशी परत यायचं. परत आल्यावर आकडा जुळला, तर दिवसाचं काम खरं.

त्या दिवशी सकाळीच नाल्याच्या रेतीत वाघाची पावलं दिसली होती. पाचच्या आत जंगलाबाहेर या, असं वनरक्षकानं बजावलं होतं. चारच्या सुमारास एका चेंज पॉइंटवर दुर्बिणीतून बॅकसाइट वाचली. बुक काखेत होतं, ते उघडायचा कंटाळा केला. स्टाफ धरणारा खलाशी माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. तो म्हणाला, "साहेब, आकडा आत्ताच लिवून घ्या नं. मंग मानूस इसरते." मी म्हटलं, "डोक्यात आहे." डोक्यात होताच, फक्त दहा सेंटिमीटरनं चुकलेला.

शेपटापर्यंत पोचलो आणि उलट येणं सोडून दिलं. रात्री खोलीवर पान पुरं केलं. बॅकसाइटची बेरीज, फोरसाइटची बेरीज, दोन्हींची वजाबाकी, सगळं जुळलं. जुळणारच. पानाखालची बेरीज तुमचं गणित तपासते. तुमची नजर तपासायला चिऱ्यापाशी परतच यावं लागतं. त्या लेव्हलवरून ठोकलेल्या खुंट्यांप्रमाणे तळ खोदला गेला आणि सप्टेंबरअखेर, धान निसवायला आलेलं असताना पावसानं दडी मारली, तेव्हा तुडूम उघडलं. पाणी अर्ध्या नहरीत आलं आणि उभं राहिलं. दोन हजारात एक उतारावर दहा सेंटिमीटर म्हणजे दोनशे मीटर नहरीचा सगळा उतार माझ्या काखेतल्या बुकानं खाल्ला होता. शेपटाकडच्या बांध्या कोरड्या. कुणी शिवी दिली नाही. एक म्हातारे बाबाजी पाण्याकडे बघत एवढंच म्हणाले, "पानी चढते का जी, साहेब?"

दर १५ सप्टेंबरला, अभियंता दिनाला, आसपासच्या एखाद्या तंत्रनिकेतनातून बोलावणं येतं. विषय बहुधा ठरलेला असतो: अभियंत्याचं स्वव्यवस्थापन. मुलांना वाटतं, म्हातारा आता पहाटे पाचला उठायला सांगणार. मी त्यांना वरच्या पानाची गोष्ट सांगतो. अभियांत्रिकीत स्वतःला सांभाळणं म्हणजे स्वतःची खुशामत न करणारी नोंद ठेवणं आणि दिवसाच्या शेवटी बेंचमार्कला परत येणं, असं माझं मत आहे. वेळेचं नियोजन, ताणतणाव, संवाद वगैरे जे शब्द हल्ली कार्यशाळांतून ऐकू येतात, ते याच्या पोटात येतात.

या भागात तर त्याला पर्यायच नव्हता. कार्यकारी अभियंता चंद्रपुरात किंवा नागपुरात. तुम्ही जंगलात, सोबत दोन खलाशी आणि एक मस्टर कारकून. रेंज नाही. तुम्ही आकडा मनानं भरला, तर पाणी सुटेपर्यंत कुणाला कळणार नाही. वरून कुणी सांभाळत नसलं की माणसाला स्वतःच स्वतःचा वरिष्ठ व्हावं लागतं, आणि त्या वरिष्ठाशी भांडण सगळ्यात अवघड.

वेळेचं म्हणाल, तर आमचं वेळापत्रक घड्याळावर कधीच चाललं नाही. रोवणी लागली की बांध्यांत पाय ठेवायचा नाही. कापणीनंतर शेतं मोकळी, पण जंगल अजून दाट. सागाची, तेंदूची पानं झडली की दृष्टिरेषा आपोआप मोकळी होते. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर रेषेसाठी झाड तोडायचं तर आधी कागद लागतो, म्हणून पानझडीची वाट पाहणं हीच खरी युक्ती. मार्च-एप्रिलात मोहफुलाला पहाटे बाया-माणसं जंगलात, मे महिन्यात तेंदूपत्ता. तेव्हा मजूर मिळत नाहीत आणि वाघाच्या हल्ल्यांच्या बातम्याही याच दिवसांत वाढतात. त्यातच मार्च एंड. कामाचे म्हणावेत असे महिने जेमतेम चार. ज्यानं नोव्हेंबरात कागद हलवला नाही त्याचं वर्ष गेलं. मी डायरीच्या पहिल्या पानावर बारा महिने मांडून प्रत्येकासमोर 'या महिन्यात काय करता येणार नाही' एवढंच लिहीत असे. जे उरायचं ते आपोआप काम.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचं नाव या विषयात टाळता येत नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून शिकून ते १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे १९०३ चे. सरकारी मेणबत्ती विझवून स्वतःची लावण्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती खरी असो वा नसो. मला त्यांची दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. नोकरीच्या सुरुवातीलाच खानदेशात, दातर्ती गावापाशी, पांझरेच्या खोऱ्यात नळाचा सायफन बसवायचं काम त्यांच्याकडे आलं. पाऊस लागला, पूर येऊ लागले. काम पावसाळ्यानंतर करावं, असं त्यांनी वरिष्ठांना लेखी कळवलं. वरिष्ठांना ते रुचलं नाही. मग त्यांनी काम हाती घेतलं आणि तडीला नेलं. व्याख्यानांतून या गोष्टीचं तात्पर्य 'जिद्द' असं काढतात. मी मुलांना सांगतो, जिद्दीच्या आधीचं पाहा. तेविशीतल्या पोरानं अडचण कागदावर मांडली, मग हुकूम पाळला. दोन्ही केलं.

कारण नाही म्हणता न येणं हा आमच्या धंद्यातला मोठा रोग आहे. तलावाचे अवयव तीन: पाळ, तुडूम, सांडवा. सांडव्याशिवाय तलाव बांधणाऱ्याला गावही वेडा म्हणेल. मातीची पाळ पाणी वरून गेलं की तासाभरात वाहून जाते. पण सांडव्याशिवायचा दिवस बांधणाऱ्या अभियंत्याला मात्र आपण कामसू म्हणतो. येईल ते काम, येईल ती तारीख, होईल साहेब, होईल साहेब.

पानशेतचं धरण १९६२ पर्यंत पुरं व्हायचं होतं. १९६१ च्याच पावसाळ्यात त्यात पाणी अडवायचं ठरलं. विमोचकाचं काम तेव्हा अपुरं होतं आणि पाळीच्या पोटातून जाणाऱ्या मोरीच्या काँक्रीटमध्ये सळया नव्हत्या. पाळ खचू लागली, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली आणि १२ जुलैच्या सकाळी धरण फुटलं. पाठोपाठ खडकवासला गेलं आणि पुण्याचा नदीकाठ पाण्याखाली. त्या घाईत कुणाकुणाच्या मनात शंका आली असेल आणि ती मनातच राहिली असेल, हा प्रश्न माझ्या पिढीतल्या प्रत्येक पाटबंधारेवाल्याला कधी ना कधी पडलेला आहे. शंका तोंडी बोलली तर ती हवेत जाते. तारीख घालून, दोन ओळींत, आवाज न चढवता लिहिली, तर ती नस्तीत राहते आणि कधी कधी, निदान कधी कधी, पाणी अडवायच्या आधी कुणीतरी ती वाचतं.

उलट टोकाचं उदाहरण आमच्याच अंगणात आहे. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ ला झालं, तेव्हा अंदाजपत्रक ३७२ कोटींचं. उजवा कालवा ९९ किलोमीटरचा, आसोलामेंढ्याच्या तलावापर्यंत. तो पाहत एक अख्खी अभियंत्यांची पिढी भरती होऊन निवृत्त झाली आणि खर्चाचा आकडा हजारो कोटींत गेला. भूसंपादन, वनजमीन, पुनर्वसन, ठेकेदारी, कारणं पुष्कळ. त्यातली बरीचशी कनिष्ठ अभियंत्याच्या हातातली नाहीत. पण अशा लांबलेल्या कामात माणूस कसा टिकतो, हा स्वव्यवस्थापनाचा खरा पेपर. काही जण दहा वर्षांत कडवट झाले, काही नुसते सही करणारे झाले. टिकले ते आपला साखळी क्रमांक ओळखणारे. अमुक ते अमुक मीटर माझे, त्यांच्या ठोकळ्यांची सात दिवसांची चाचणी, अठ्ठावीस दिवसांची चाचणी, त्यांचं मोजमाप. बाकीच्या कालव्याचं दुःख त्यांनी संध्याकाळच्या चहापुरतं ठेवलं.

अठ्ठावीस दिवसांवरून आठवलं. काँक्रीट घाई ओळखत नाही. ठेकेदार दारात उभा, बिल अडलेलं, साहेबांचा फोन. आणि ठोकळा पाण्यात निवांत पडलेला. आमच्या एका वरिष्ठांना राग आला की ते नुसतं विचारायचे, "क्युरिंग झालं का?" रागात लिहिलेलं पत्र ते एक रात्र टेबलाच्या खणात ठेवत. सकाळी त्यातली निम्मी पत्रं फाटत. ही सवय मी त्यांच्याकडून उचलली आणि तिनं माझ्या किमान दोन बदल्या वाचवल्या.

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात काम केलेल्या मित्रांचं शिस्तीचं गणित वेगळं. आज २९२० मेगावॉटचं हे केंद्र तिन्ही पाळ्यांत चालतं. तिथं सगळा जीव पाळी बदलतानाच्या नोंदवहीत. कुठला पंप बंद, कुठल्या फीडरवर माणूस काम करतोय, कुणाचं परमिट अजून परत आलेलं नाही. पाळी संपवून निघालेल्या माणसाला घरची ओढ असते. तरीही समोरच्यानं वाचून सही करेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. विमानवाले हे १९३५ मध्ये शिकले. ३० ऑक्टोबरला अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं नवं मोठं विमान उडताच कोसळलं. शेपटाकडची कुलपं काढायचं राहून गेलं होतं. चालवणारे नवखे नव्हते. त्यानंतर वैमानिकांच्या हाती तपासयादी आली. आपण हुशार आहोत म्हणून यादी नको, हे वाक्य तेव्हापासून तरी बाद व्हायला हवं होतं.

शेजारचा मुलगा पुण्यात, हिंजवडीत, सॉफ्टवेअरमध्ये. २०२० च्या टाळेबंदीत तो घरी आला आणि रेंजसाठी गच्चीवर ताडपत्री बांधून बसू लागला. त्याच्या कामातलं मला फार कळत नाही, पण दोन गोष्टी कळल्या. दर दोन मिनिटांनी मोबाइल टुणटुणतो आणि दर टुणटुणीला त्याचं डोकं पहिल्यापासून गाडी सुरू करतं. मी त्याला विचारलं, "दुर्बिणीला डोळा लावला असताना कुणी खांदा हलवला तर?" तो हसला, पण दुसऱ्या दिवसापासून सकाळचे दोन तास मोबाइल खाली आईकडे. दुसरी गोष्ट मला त्याच्याकडून शिकायला मिळाली. त्यांच्याकडे काही मोठं बिघडलं की झाल्या प्रकाराचं टिपण लिहितात, वेळेसकट, आणि दोष माणसाच्या नावावर मांडत नाहीत. आमच्याकडे आधी नाव शोधत. म्हणूनच १.४८५ च्या पानाची गोष्ट मी वरिष्ठांखेरीज कित्येक वर्षं कुणाला सांगितली नाही.

आता एक माणूस अभियंता नसलेला. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ मध्ये पटेल-३ धानाच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. कुणी सांगितलेलं नाही, कुणी पगार देत नाही, मुदत नाही. काही वर्षांनी जे वाण हाती आलं त्याला त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव मिळालं, एचएमटी. हिंदुस्थान मशीन टूल्स ही यंत्रं बनवणारी सरकारी कंपनी. तिच्या घड्याळाचं नाव आमच्या झाडीपट्टीतल्या भाताला लागावं, याची मला अजून गंमत वाटते. पुढे कृषी विद्यापीठाचं पीकेव्ही-एचएमटी आलं, श्रेयाचा वाद झाला, पुरस्कार मिळाले, हलाखीही राहिली. दादाजी २०१८ मध्ये गेले. दर हंगामात एकच प्रश्न घेऊन त्याच बांधीवर परत येणं, याहून कडक बेंचमार्क मी पाहिलेला नाही.

माझ्या त्या नहरीचं पुढे काय झालं, हे मुलं हमखास विचारतात. डिसेंबरात मी आणि तोच खलाशी पुन्हा गेलो. तुडुमाच्या चिऱ्यापासून शेपटापर्यंत आणि शेपटापासून चिऱ्यापर्यंत. बरोबर ०.१०० चा फरक निघाला. जुन्या आकड्यावर रबर चालवलं नाही; आमच्याकडे ते चालतही नाही. एक रेघ मारली, वर खरा आकडा लिहिला, बाजूला सही आणि तारीख. मग वरिष्ठांना माझ्या चुकीचं पत्र लिहिलं, एक रात्र खणात ठेवलं आणि सकाळी न फाडता पाठवलं. ताकीद मिळाली. उन्हाळ्यात तळ पुन्हा खोदला आणि पुढच्या हंगामात शेवटच्या बांधीला पाणी गेलं.

डायऱ्या अजून आहेत. कुणा पोराला, पोरीला पाहायच्या असतील तर यावं. सध्या धानाची कापणी सुरू आहे, तेव्हा सकाळी आठच्या आत या. मग मी बांधीवर असतो.