कोणासाठी पाहिजे?

कायदा वाचायला अगदी सोपा आहे. 18 वर्षांखालच्या कोणालाही विडी, सिगारेट, तंबाखू विकायची नाही. शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांच्या आत तर कोणालाच विकायची नाही. 2003च्या ‘कोटपा’ कायद्याचं कलम 6 एवढंच सांगतं. ते रस्त्यावर कसं चालतं हे बघायला विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी मी जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाच्या पथकाबरोबर फिरलो. पथक म्हणजे कक्षातले समाजसेवक, पोलीस ठाण्यातून आलेले हवालदार आणि अन्न व औषध प्रशासनाचे एक अधिकारी. सोबत पावतीपुस्तक आणि लांब टेप.

पहिला वाद टेपवरूनच झाला. 100 यार्ड म्हणजे 91.44 मीटर. ठेलेवाल्याचं म्हणणं, शाळेच्या फाटकातून निघून रस्त्याने वळसा घालून या, अंतर बरोबर भरतं. भरतही होतं. पण नियम रस्त्याने चालत नाही. संस्थेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत मोजतो. मध्ये एकाचं अंगण होतं. घरमालकाला विचारून टेप तिथून पलीकडे नेला आणि ठेला हद्दीच्या आत निघाला. “साहेब, शाळेची भिंत पुढे सरकली. ठेला तर माझ्या बापापासून इथंच आहे,” तो म्हणाला. त्याचं खरंही असेल. पावती मात्र फाटली.

ती पावती 200 रुपयांची. कलम 6 मोडल्याबद्दल जास्तीत जास्त दंड तेवढाच, आणि 2003 पासून तो आकडा हललेला नाही. दुसऱ्या टोकाला 2015च्या बाल न्याय कायद्याचं कलम 77 आहे. मुलाच्या हाती तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. मधली पायरीच नाही. हवालदारांना विचारलं तर ते हसले. ओळखीच्या ठेलेवाल्यावर एका पुडीसाठी गुन्हा नोंदवायचा, पंचनामा करायचा, मुलाला साक्षीला उभं करायचं, की पावती फाडून पुढच्या ठेल्यावर जायचं? शेजारच्या कर्नाटकाने स्वतःपुरती दुरुस्ती करून वय 21 आणि दंड 1000 रुपये केला. आपण निदान दंडाचा आकडा तरी उचलायला हवा होता.

तिसऱ्या-चौथ्या ठेल्यापर्यंत पोचलो तेव्हा आमच्याआधी फोन पोचलेला होता. ‘18 वर्षांखालच्यांना विक्री नाही’ सांगणाऱ्या, कालपर्यंत फळीमागे पडलेल्या पाट्या दर्शनी लागलेल्या, बरण्या गायब, ठेलेवाले पाणी विचारायला पुढे. पथकाला पाटी दिसते, अंतर दिसतं. प्रत्यक्ष विक्री मात्र कधीच दिसत नाही. अमेरिकेत तपासनीस अल्पवयीन मुलालाच ग्राहक म्हणून दुकानात पाठवतात आणि दुकानदार काय करतो ते नोंदवतात. आमच्या पथकाकडे तसलं काही नव्हतं. म्हणून पथक परत गेल्यावर मी बाजारातल्या, शाळेपासून बऱ्याच लांबच्या एका ठेल्यावर बसून राहिलो. इथे अंतराचा प्रश्न नव्हता, होता तो फक्त वयाचा.

ठेलेवाला खर्रा घोटत होता. पन्नीवर बारीक कातरलेली सुपारी, तिच्यावर तंबाखू, बोटाने चुना, वर पाण्याचे दोन थेंब. मग पन्नी मिटून फळीवर तळहाताने घासत राहायचं, चुना सुपारीत पुरता मुरेपर्यंत. गप्पा चालू, हात चालू. राज्यात 2012 पासून गुटख्यावर दरवर्षी नव्याने बंदीचा आदेश निघतो, आणि खर्रा-मावाही त्या बंदीत येतो. म्हणजे हा खर्रा मोठ्यांनाही विकायचा नाही. पण ते राहू द्या.

सहावी-सातवीतला वाटावा असा एक मुलगा सायकल टेकवून आला.

“काऊन रे, कोणासाठी पाहिजे?”

“बाबासाठी. लिहून ठेवा म्हणे.”

ठेलेवाल्याने खर्रा दिला, “रस्त्यात फोडू नको बरं,” असं बजावलं आणि खालून लांबट वही काढून बापाच्या नावापुढे आकडा टाकला.

सगळी गोम त्या वहीत आहे. मुलाला नाही म्हटलं तर गिऱ्हाईक म्हणून मुलगा जात नाही, बाप जातो, आणि बापाकडची उधारीही अडकते. ठेलेवाल्याच्या मनात ही विक्री बापाला झालेली असते. मुलगा नुसता पोचवणारा. कायदा मात्र कोणासाठी हे विचारतच नाही, हातात कोणाच्या दिलं तेवढंच विचारतो. घेणारा सज्ञान होता हे सिद्ध करण्याची जबाबदारीही विकणाऱ्यावरच आहे, आणि शंका आली तर वयाचा पुरावा मागायची मुभा त्याला आहे. शहरात ‘मला काय माहीत त्याचं वय’ ही सबब चालवून नेता येते. इथे ठेलेवाल्याला पोराची इयत्ता, घर आणि मार्कं, सगळं ठाऊक होतं.

आज बापासाठी नेणारं पोर उद्या स्वतःसाठी मागतं, तेव्हाही उत्तर ‘बाबासाठी’ हेच असतं. ते कसं ओळखायचं, असं ठेलेवाल्याला विचारलं. “पैसे रोख दिले की समजायचं,” तो सहज म्हणाला. त्याला कळत होतं तर!

रोखीची वाट सुट्या सिगारेटने सोपी केली आहे. अख्खं पाकीट मुलाच्या खिशाला परवडत नाही, एक कांडी परवडते. त्या कांडीवर ना चित्र ना इशारा. त्याच कारणाने सप्टेंबर 2020 मध्ये राज्याने सुटी विडी-सिगारेट विकण्यावर बंदी आणली. ठेल्यावर दोरीला बांधलेला लायटर आजही लोंबतो आहे, यावरून काय ते समजा. 2019च्या राष्ट्रीय पाहणीत 13 ते 15 वयाच्या विद्यार्थ्यांपैकी 8.5 टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरणारी आढळली होती.

त्याच बाजारात एक किराणा दुकान बघितलं. चालवणाऱ्या बाईंनी तंबाखूच्या पुड्यांचा डबा स्वतःच्या पाठीमागे, उंच फळीवर ठेवला होता. इतर दुकानांत पुड्यांच्या लडी चिप्सच्या पाकिटांशेजारी, पोरांच्या हाताला लागतील अशा टांगलेल्या असतात. नियमाला तेही चालत नाही. बाई जेवायला गेल्या की गल्ल्यावर मुलगा बसतो, पण त्याला तो डबा उघडायची परवानगी नाही, कारण 18 वर्षांखालच्याने विकणंही मना आहे. आणि पाटी नियमाप्रमाणे, 60 बाय 30 सेंटीमीटरची, गल्ल्याच्या अगदी वर. मी तोवर पाटीला निव्वळ सरकारी सोपस्कार समजत होतो. बाई तिचा वेगळाच उपयोग करत होत्या. शेजारची मुलगी आजोबांची पुडी मागायला आली तेव्हा त्यांनी वर बोट केलं. “मी नाही म्हणतच नाही, पाटी नाही म्हणते. आजोबाले पाठव.”

भांडण पाटीशी, बाईंशी नाही. तरीही दोन घरांनी त्यांच्याकडची खाती बंद केली, असं त्यांनी सांगितलं. खाती मोडणाऱ्यांत एक जण शिक्षक होता.

तेव्हा दंड वाढवा, पथकं वाढवा, हे सरकारला सांगायचंच. पण आधी सांगायचं ते वहीत ज्यांची नावं आहेत त्यांना. तंबाखू सोडायची असेल तर पाकिटावरच 1800-11-2356 हा मोफत क्रमांक छापलेला असतो, तो फिरवा. सुटत नसेल तोवर पुडी आणायला स्वतः जा. पोराला पाठवू नका.